पहिल्या ओळीचा मान

दुसऱ्याच्या घरात जाऊन मोठ्यानं बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. माणसाला निदान "बसा, पोहे घ्या" म्हणून गप्प करता येतं. प्रोग्राम पोहे खात नाही. एकदा बोलायला लागला की त्याच्या अंगातली बॅटरी संपेपर्यंत बोलत राहतो, आणि ऐकणारे मात्र तुमच्याकडे बघतात.

माझं नाव मालोजी. अशा नावाच्या माणसाकडे घोडा असावा असं लोकांना वाटतं. माझ्याकडे एक स्कूटर आणि एक लॅपटॉप आहे. धारमधल्या मंगल कार्यालयांचे बोर्ड मी चालवतो. लाल अक्षरांचे ते मोठे एलईडी बोर्ड असतात ना, त्यावर वधूवरांची नावं, मुहूर्ताची वेळ आणि मुहूर्ताला किती मिनिटं उरली ते उलटं मोजणारं घड्याळ, एवढं माझा प्रोग्राम दाखवतो. बोर्डाला मी एकच गोष्ट शिकवलेली आहे: लॅपटॉपच्या पडद्यावर प्रोग्राम जे टाकेल, ते दाखव. आजवर प्रोग्रामनं फक्त शहाणपणाचंच टाकलं होतं, त्यामुळे बोर्डाला वेगळी अक्कल द्यायची गरज पडली नव्हती.

मार्गशीर्षात माझ्याच बहिणीचं, गुड्डीचं लग्न ठरलं. मुलगा देवासचा, राजवीर. चांगला मुलगा आहे, कमी बोलतो. त्याच्या घरात बोलण्याचं खातं त्याच्या आजीकडे, भवानीबाईंकडे आहे. भवानीबाई मुहूर्त बघितल्याशिवाय गॅसचं सिलेंडरसुद्धा बदलत नाहीत. त्यांचे यजमान दत्ताजी शेजारी बसून सुपारी कातरतात आणि मान डोलावतात. गुड्डीला हे स्थळ मनापासून हवं होतं. दोन वर्षं ती आणि राजवीर फोनवर बोलत होते, घरात कुणाला पत्ता नव्हता, म्हणजे सगळ्यांना होता. भवानीबाईंनी हो म्हणेपर्यंत आमच्या आईनं तीन सोमवार धरले होते.

आता मुहूर्ताचं कसं असतं ते सांगतो. कार्यालय ज्या दिवशी मिळालं तो दिवस पक्का झाला, आणि मग गुरुजींना सांगितलं की या दिवसातला चांगला मुहूर्त काढा. सगळीकडे असंच होतं, फक्त तोंडानं कुणी म्हणत नाही. गुरुजी म्हणजे देवासचे मोरोपंत गुरुजी, मुलाकडच्यांचे पिढीजात. त्यांनी अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटं ही वेळ काढून दिली. सोबत एक अटही घातली.

"मालोजीराव, तुमचं बोर्डावरचं घड्याळ मला चालणार नाही," ते फोनवर म्हणाले. "ते कुठल्यातरी परक्या गावाच्या सूर्यावर चालत असणार. धारचा सूर्य देवासच्या मागून उगवतो, तीन मिनिटांनी. उर्वीनं माझ्या पद्धतीचं केलंय ना, ते लावा."

उर्वी ही गुरुजींची मुलगी. इंदूरच्या एका कंपनीचं काम देवासमध्ये घरी बसून करते, आणि कॉलेजात माझ्याच वर्गात होती. तिनं वडिलांच्या गणिताची एक लायब्ररी बनवली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एखादं काम करून देणारा तयार प्रोग्राम, जो दुसरे लोक आपापल्या प्रोग्रामात जोडून घेतात. स्वयंपाकघरात वाटण तयार मिळावं, तसं. तिचं नाव तिनं "घटिका" ठेवलं होतं. गाव सांगा, दिवस सांगा, की घटिका त्या गावचा सूर्योदय धरून मुहूर्त मोजून देते.

पण गुरुजींचा यंत्रावर विश्वास नव्हता. उत्तर बरोबर आलं तरी ते म्हणायचे, "आलं, पण कसं आलं?" म्हणून उर्वीनं त्यात लॉगिंग घातलं. लॉगिंग म्हणजे प्रोग्रामनं काम करता करता आपण काय करतोय ते सांगत जाणं. त्याच्या पायऱ्या असतात, साध्या कुजबुजीपासून थेट बोंब मारण्यापर्यंत. आता दुसरा कुणी असता तर त्यानं कोरड्या इंग्रजीत दोन शब्द घातले असते. उर्वीनं काय करावं? गुरुजी गणित करताना सतत पुटपुटतात. ती शेजारी बसली आणि ते गणिताच्या ज्या टप्प्याला जे पुटपुटत होते, ते त्या टप्प्याला जसंच्या तसं घातलं. आणि बाबांना ते शोधत बसायला लागू नये म्हणून लायब्ररीतच व्यवस्था लावून टाकली: सगळ्या पायऱ्या उघड्या, सगळं बोलणं थेट पडद्यावर, मोठ्यानं. बाबा खूष झाले. पडदा त्यांच्यासारखाच पुटपुटत होता.

इथंच तिची चूक झाली, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. लायब्ररी दुसऱ्याच्या घरात राहायला जाते. तिनं यजमानाच्या कानात हवं ते सांगावं. कुणाला ऐकवायचं, किती ऐकवायचं, की एका फायलीत टाकून विसरून जायचं, हे यजमानानं ठरवावं. पाहुण्यानं आल्या आल्या यजमानाच्या घरावर भोंगा बांधायचा नसतो. यावर उर्वीचं म्हणणं वेगळं आहे, ते पुढे येईलच.

मी घरी सगळं तपासलं होतं. माझ्या प्रोग्रामात सगळ्यात वर माझी स्वतःची लॉगिंगची व्यवस्था होती: काय बोलायचं ते फायलीत, पडद्यावर काही नाही. तिसऱ्या ओळीत घटिका जोडली होती. या धंद्यात नियम असा आहे की जो व्यवस्था आधी लावेल त्याची चालते. मागून आलेल्यानं लावायला घेतली तर यंत्र भांडत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. माझी आधी होती, माझी चालली. गुरुजींचं पुटपुटणं गपचूप फायलीत जात होतं, आणि ती फाईल मी काही उघडून बघितली नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी देवासची गाडी आली. गुरुजी उतरले, हात-पाय धुतले आणि थेट माझ्या टेबलाशी आले. मागून उर्वी, हातात पोह्यांची प्लेट, वर शेव आणि बाजूला जलेबी.

"कुठंय आमचं?" गुरुजींनी लॅपटॉपकडे बघत विचारलं.

"हे काय गुरुजी, इथं. घटिका." मी बोट ठेवलं.

गुरुजींनी वाकून बघितलं. वरून ओळी मोजल्या. चेहरा उतरला.

"तिसऱ्या ओळीत," ते म्हणाले. बस, एवढंच. आणि मंडपाकडे चालू लागले.

तुम्ही आमच्याकडच्या लग्नात कधी आला असाल तर मला पुढचं सांगायला नको. आमच्यात आहेर कमी पडला तर चालतो, कणकेचे बाफले कच्चे राहिले तरी लोक दाल ओतून खातात. पण मान चुकला की तीन पिढ्या बोलणं बंद. लग्न लावणारे गुरुजी, आणि त्यांना मी तिसऱ्या पंगतीला बसवलं होतं. आई लांबून माझ्याकडे बघत होती. मी ती ओळ उचलली आणि सगळ्यात वर नेऊन ठेवली. वर हळद-कुंकू लावता आलं असतं तर तेही लावलं असतं. गुरुजींना बोलावून दाखवलं. "हं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा परत जागेवर आला. उर्वी जलेबी खात होती, तिनं बघितलंसुद्धा नाही.

मी प्रोग्राम पुन्हा चालू केला. बोर्डावर नावं आली, वेळ आली, घड्याळ आलं. सगळं ठीक दिसत होतं, कारण घटिका अजून बोलायला लागली नव्हती. गुरुजींची पद्धत अशी की लग्नाच्या आधी सगळं गणित पुन्हा एकदा पडताळून बघायचं. उर्वीनं तेही लायब्ररीत घातलं होतं. मुहूर्ताला एक तास उरला की घटिका आपलं आपण पडताळा सुरू करते.

एक तास उरला. पाहुणे येऊन बसले होते, बँडवाले पुंग्या साफ करत होते, राजवीर पाटावर बसून पूजा करत होता. बोर्डावरचं घड्याळ एकदम वर सरकलं आणि खाली नवी ओळ आली.

"सूर्योदय धरला. धारचा. आळशी सूर्य."

काही लोकांनी बघितलं. मीही बघितलं, आणि मला वाटलं आपल्याला भास होतोय. दुसरी ओळ आली.

"बँड मंगलाष्टकाच्या मध्येच वाजणार. गृहीत धरलं."

बँडवाल्यांचा पुढारी उठून उभा राहिला. तिसरी ओळ त्याच्या बोलण्याच्या आधीच आली.

"वधूचा मामा वेळेवर येत नाही. आजवर कुठलाच आला नाही."

"अहो गुरुजी, मी इथं बसलोय!" आमचा मामा पहिल्या रांगेतून ओरडला. "सकाळी सातपासून बसलोय!"

देवासहून आलेली पोरं खूष झाली. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हिंदी शाळेत शिकलेली पोरं, मराठी ऐकून कळतं पण वाचताना अडखळतात. एकानं मला विचारलं, "भिया, बोर्ड तो एक नंबर है. ये 'गृहीत धरलं' मतलब क्या?" मी त्याला बाजूला सारून लॅपटॉपकडे धावलो, तोवर पुढची ओळ लागली होती.

"वरपक्ष रुसणार. अर्धी घटिका राखून ठेवली."

आता वरपक्ष बघायला लागला. भवानीबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर ठेवला. मी किल्ल्या दाबत होतो, पण घाईत माणूस नेमकं चुकीचंच दाबतो. आणि मग ती ओळ आली. इतर ओळींपेक्षा एक पायरी वरची, म्हणून पुढे आपोआप "इशारा" असं लागलेली.

"इशारा: मुहूर्त ठीक. उत्तम नव्हे. कार्यालय बघून दिवस ठरवला, मग मला विचारलं."

आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला, तो बाहेर सगळ्यांना ऐकू आला. मी घाबरून बोर्डाची वायर ओढली.

"बंद का केला?" भवानीबाईंचा आवाज आला. "अजून काय लिहिणार होता तो? लावा. लावा म्हणते ना! आम्हाला अंधारात ठेवून लग्न लावता?"

मी वायर परत लावली. बोर्ड उजळला आणि निर्लज्जासारखी तीच ओळ दाखवू लागला.

भवानीबाई उठून उभ्या राहिल्या. "गुरुजी, माझा एकुलता एक नातू आहे. ठीक मुहूर्तावर मी त्याचं लग्न होऊ द्यायची नाही. ठीक म्हणजे काय? ठीक तर भाजी असते. मला उत्तम पाहिजे. उत्तम असेल तेव्हा आम्ही येऊ."

बाकीचा वरपक्ष इकडेतिकडे बघत हळूहळू उभा राहायला लागला. राजवीर पाटावरून अर्धा उठला आणि "आजी, सुनो तो..." म्हणाला. "तू बस," आजी म्हणाली, आणि तो बसला. मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दारात गुड्डी उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, एका हातानं चौकट धरून. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्यापेक्षा ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

उर्वी प्लेट टाकून धावत आली. "तू काय केलंस? हे पडद्यावर कसं येतंय?"

"मी काय केलं? तुझ्या लायब्ररीनं केलं! पाहुणी आहे ना ती? मग माझ्या घरात भोंगा का लावते?"

"तुझी व्यवस्था वर होती ना, यार? ती असती तर माझी चाललीच नसती. वर कुणी नेलं मला?"

"तुझ्या वडिलांचा मान! त्यांना मी तिसऱ्या ओळीत बसवलं म्हणून ते रुसले."

उर्वीनं वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तुझा बोर्ड पडद्यावरचं काहीही दाखवतो? त्याला तू काही शिकवलं नाहीस?" हा प्रश्न मला त्या वेळी गैरलागू वाटला, आणि मी तसं सांगितलं.

तिकडे माझी आई गुरुजींपुढे हात जोडून उभी होती. "गुरुजी, तुम्हीच म्हणा ना उत्तम आहे म्हणून. तुमचा शब्द त्या मानतील. पोरीचं लग्न आहे हो."

गुरुजींच्या कपाळावर घाम होता. त्यांनी आईकडे बघितलं, गुड्डीकडे बघितलं. मला वाटलं, म्हणतील. एक शब्द तर होता.

"बाई, ठीक आहे म्हणजे ठीक आहे," ते म्हणाले. "वाईट नाही. वाईट असता तर मी आलोच नसतो. दहातल्या आठ लग्नांना मी ठीकच काढतो, कारण दहातले आठ यजमान आधी कार्यालय बघतात. पण लटकं मी बोलणार नाही." मग बोर्डाकडे बघून म्हणाले, "आणि घाई करू नका. अर्धी घटिका राखलेली आहे, तुम्ही सावकाश रुसा."

हे ऐकून भवानीबाईंचा पारा चढला. "आठ लग्नांचं मला सांगू नका. आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वडिलांनी माझा मुहूर्त तीन ठिकाणी दाखवून घेतला होता. उत्तम मुहूर्त कसा असतो ते तुम्हाला बघायचंय? ए मुली, तुझ्या त्या यंत्राला माझा दिवस घाल. वैशाख, शके अठराशे त्र्याण्णव, सोनकच्छ. बघू दे सगळ्यांना."

दत्ताजींची सुपारी कातरायची थांबली. "अगं, कशाला आता जुनं," ते म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं.

"तुम्ही गप्प बसा. घाल गं."

उर्वीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण भवानीबाई टेबलाशी येऊन उभ्या होत्या, तिथी सांगत होत्या, वेळ सांगत होत्या. उर्वीनं घातलं. काय करणार? सगळा मंडप बोर्डाकडे तोंड करून बसला होता. मंडपवाल्यांनी जेवणाची ताटं वाजवायची थांबवली.

"सूर्योदय धरला. सोनकच्छचा."

"वैशाख. ऊन फार. यजमानांची घाई समजते."

भवानीबाई हसल्या. चारी बाजूंना बघून हसल्या. मग बोर्ड जरा थांबला, आणि पुढची ओळ सगळ्यात वरच्या पायरीची आली. आमच्या धंद्यात तिला बोंबच म्हणायला पाहिजे.

"चूक: हा मुहूर्त नव्हेच. कुणी काढला? पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला हवं होतं."

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत कुणाला होणार? भवानीबाई ती ओळ दोनदा वाचत असाव्यात, कारण त्यांचे ओठ हलत होते. मी बोर्डाच्या वायरकडे हात नेला, पण ओढली नाही. आता ओढून काय उपयोग होता.

"यंत्र बिघडलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"बिघडलेलं नाही," दत्ताजी म्हणाले. ते सावकाश उठले, सुपारीचा डबा खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्याजवळ गेले. "तीन ठिकाणी दाखवला होता, ते खरं. दोघांनी नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याकडे मी स्वतः गेलो. पाय धरले. म्हटलं, चांगला आहे म्हणा."

"तुम्ही?"

"मग काय करू? मला धामनोदला नोकरी लागली होती, महिन्याभरात हजर व्हायचं होतं. आणि तो बदनावरचा धान्यवाला तुला बघून गेला होता. त्याची मोटर होती. मी महिनाभर थांबलो असतो तर तू मोटरीत बसून बदनावरला गेली असतीस."

भवानीबाईंनी पुन्हा एकदा बोर्डाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पन्नासच्या वर वर्षं झाली. एकदा तरी बोलायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस," दत्ताजी म्हणाले. "आणि आल्यावर सांगून काय करायचं होतं?"

तेव्हा मात्र मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि मग सगळा मंडप हसला. आमचा मामा तर रुमाल डोळ्यांना लावून हसत होता. देवासच्या पोरांना कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा ती शिट्ट्या मारायला लागली. मला हसू आलं नाही. मी गुड्डीकडे बघत होतो. तिचा हात अजून चौकटीवरच होता, आणि भवानीबाई अजून काही बोलल्या नव्हत्या.

उर्वी माझ्या लॅपटॉपपुढे बसली होती. लायब्ररीतली व्यवस्था लावणारी ती एकच ओळ तिनं पुसून टाकली. तिच्या जागी बोलणं नुसतं झेलणारा, स्वतः काहीच न करणारा एक हँडलर ठेवला, म्हणजे यजमानानं काही सांगितलं नसेल तर लायब्ररी ऐकून न ऐकल्यासारखं करील. प्रोग्राम पुन्हा चालू केला. बोर्डावर दोन नावं, वेळ आणि घड्याळ.

गुरुजी मागे येऊन उभे होते. "माझं बोलणं काढून टाकलंस?"

"काढलं नाही, बाबा. सगळं आहे. मालूच्या फायलीत जाईल. त्याला वाचायचं असेल तर तो वाचेल."

"आणि त्यानं नाही वाचलं तर?"

"तर नाही वाचलं. घर त्याचं आहे."

गुरुजींनी वाकून पुन्हा ओळी मोजल्या. "पण ओळ पहिलीच ना?"

"पहिलीच," मी म्हणालो. आता ती कुठंही बसली तरी भांडण नव्हतं.

तेवढ्यात मंडपातल्या सगळ्या माना वळल्या. भवानीबाई खुर्च्यांच्या मधून चालत आतल्या खोलीकडे निघाल्या होत्या. मध्ये आई आली, तिला त्यांनी हातानंच बाजूला केलं. मीही मागोमाग गेलो, कारण गुड्डीला त्या काही बोलल्या असत्या तर मी त्यांचं वय बघितलं नसतं.

दारात त्या गुड्डीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा अजून नाकावर होता आणि डोळे ओले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"पोरी, तुझा मुहूर्त ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माझा तर नव्हताच. मला वाटायचं आपला उत्तम आहे. त्यामुळे आमचं भांडण झालं की मुहूर्ताला बोल लावायची सोय नव्हती. माझंच काहीतरी चुकलं असेल किंवा ह्यांचं, असं म्हणून दर वेळी मिटवावं लागलं. माहीत असतं ना, तर मी पहिल्याच वर्षी माहेरी जाऊन बसले असते." त्यांनी गुड्डीच्या मुंडावळ्या सरळ केल्या. "तुला मात्र आता माहीत झालं. त्याचंच वाईट वाटतं मला."

गुड्डीनं बोर्डाकडे एकदा बघितलं आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडली.

"आजी, मला काय माहीत झालं?" ती म्हणाली. "मी तर हिंदी शाळेतली. मला मराठी वाचता कुठं येतं?"

गुड्डी मराठी माझ्याहून चांगलं वाचते. घरी आईला रोज पोथी तीच वाचून दाखवते, आणि हे भवानीबाईंना माहीत होतं, कारण स्थळ बघायला आल्या तेव्हा त्यांनी तिच्याकडून एक अख्खा अध्याय वाचून घेतला होता. त्यांनी गुड्डीच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग मागे वळून मामाला हाक मारली.

"अहो मामा, उभे काय राहिलात? आणा आमच्या सुनेला बाहेर."